चिंतामणी रंगाचा नवाब

१. बदललेला मासा

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला पद्मावतीबाईंनी दार उघडलं, तर बाहेर केशवरावांचे बिदरचे थोरले भाऊ उभे. पांढरेशुभ्र केस, सफाचट चेहरा, नाकावर लाल काड्यांचा चष्मा. या, बसा म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात ते गृहस्थ म्हणाले, "पद्माबाई, नवाब गेला. त्याच्या जागी कुणीतरी दुसराच आणून सोडलाय."

आवाज खुद्द केशवरावांचा होता. दीड महिन्यापूर्वी ते लेकीकडे पुण्याला गेले, तेव्हा त्यांचे केस आणि मिशा बुटाच्या पॉलिशसारख्या काळ्याभोर होत्या. पण चाळीस वर्षांच्या ओळखीत काही गोष्टी बोलायच्या नसतात. बाईंनी शाल सावरली आणि त्या त्यांच्या मागोमाग समोरच्या फ्लॅटात गेल्या.

नवाब म्हणजे केशवरावांचा मासा. दुकानदार त्या जातीला फायटर म्हणतात. तीन वर्षांपूर्वी केशवरावांची बायको, सावित्रीबाई गेली. तेव्हापासून तारनाक्याच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालेला हा माणूस भिंतीशीसुद्धा बोलेनासा झाला. मग वर्षभराने लेक गौरीने नल्लकुंट्याच्याच एका दुकानातून हा मासा आणून दिला. समोर कोणी आलं की गाल फुगवून, पिसारा पसरून अंगावर यायचा, म्हणून त्याचं नाव नवाब. केशवराव त्याच्याशी बोलायला लागले आणि हळूहळू माणसांशीही बोलू लागले.

त्याचा रंग पद्मावतीबाईंनीच ठरवून दिला होता. बत्तीस वर्षं त्यांनी नल्लकुंट्यात मॅचिंग सेंटर चालवलं. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर. मुलूखभरच्या बायका साड्या घेऊन यायच्या. पहिल्या नजरेतच त्या म्हणाल्या होत्या, हा चिंतामणी. मोरपंखीहून निळा आणि निळ्याहून मोरपंखी.

आणि आता बरणीत जे होतं ते पांढरट होतं. मधूनमधून लाल शिंतोडे, शेपटीच्या तर चिंध्या. कुंडीच्या खापरामागे अंग चोरून बसलं होतं. केशवरावांनी काचेवर बोट टेकवलं, तसं ते आणखी आत सरकलं.

"रोज सातच्या बातम्यांआधी मी असं बोट फिरवायचो," केशवराव म्हणाले, "की तो दोन गिरक्या घ्यायचा. दोन म्हणजे दोनच. हा बघा. माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही."

बाई वाकून बघू लागल्या. बरणीला खेटूनच सावित्रीबाईंचं पितळी पानदान होतं. त्यात बाईंना दिसलं की कानामागची पिन निसटलीय. त्यांनी ती बसवली आणि पुन्हा माशाकडे वळल्या. वाळलेलं एक तपकिरी पान पाण्यात तरंगत होतं. ते कुठून आलं कोण जाणे.

केशवरावांनी निकाल देऊन टाकला होता. किल्ली कामवाल्या राणीकडे होती. तिच्या हातून नवाब मेला आणि तिने दुकानातून मिळेल तो मासा आणून सोडला. वर दर रविवारी फोनवर सांगत राहिली, नवाब मस्त आहे साहेब. मासा गेला ते एक वेळ सोसलं असतं, पण हे सोसवत नव्हतं. बिल्डिंगचे सेक्रेटरी नामदेवराव यांना त्यांनी सकाळीच फोन केला होता. रविवारी अकरा वाजता मीटिंग, विषय एकच: राणीला बिल्डिंगमध्ये येऊ द्यायचं की नाही.

आठ फ्लॅटांपैकी पाचांत राणी काम करत होती. नऊ वर्षांपूर्वी तिला या बिल्डिंगमध्ये आणलं ते पद्मावतीबाईंनी. "माझी हमी," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, केशवरावांच्याच सोफ्यावर बसून.

केशवरावांना तेही आठवत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, नुसतं बघितलं. बोलले असते तर बरं, असं बाईंना वाटलं.

२. नामदेवरावांची वही

राणी मूळची भालकीची. बोलायला लागली की थांबत नाही, भांड्यांशीही गप्पा मारते. त्या दिवशी मात्र बाईंच्या मोरीत नळाखेरीज आवाज नव्हता.

बाईंनी सरळ विचारलं. राणीने कढई घासणं थांबवलं नाही. मासा साहेबांचाच आहे, एवढं एकच ती म्हणाली. मग रंग कसा बदलला? आपोआप. शेपूट? ती पण आपोआप. मग फोनवर का नाही सांगितलंस?

यावर राणीने नळ मोठा सोडला. बाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा चहा पुढे ठेवून विचारलं.

"अम्मा, मी शब्द दिलाय," राणी म्हणाली. "साहेबांनी चोर म्हटलं तरी चालंल. तो तुटायचा नाही माझ्याकडून."

शब्द कोणाला, ते काही तिने सांगितलं नाही. नऊ वर्षांत राणी बाईंशी खोटं बोलली नव्हती. कधीकधी बोलायचीच नाही, ती गोष्ट वेगळी.

तिथून बाई खाली नामदेवरावांकडे गेल्या. नामदेवरावांचा तळमजल्याचा फ्लॅट गेटासमोर आणि त्यांची खुर्ची खिडकीसमोर. मांडीवर लांबट वही. बिल्डिंगला वॉचमन नव्हता आणि नामदेवराव असेपर्यंत तो लागणारही नव्हता. कोण आलं, कोण गेलं, हातात काय होतं, सगळं वहीत. एकदा पद्मावतीबाईंनी आणलेल्या मेथीच्या जुड्यांची संख्याही त्यात सापडली होती.

"पुरावा आहे," नामदेवरावांनी वही उघडली आणि कोर्टात वाचावी तशी नोंद वाचली. बारा डिसेंबर, सकाळी दहा दहा. राणी. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात पांढरा-लाल मासा. आत.

बाई पुढे सरकल्या. त्यांनी वही हातात मागितली. नामदेवरावांनी ती दिली, पण एक कोपरा धरून ठेवला. त्याच पानावर थोडी वर आणखी एक नोंद होती. नऊ वीस. राणी. स्टीलचा डबा, झाकण लावलेला, दोन्ही हातांत धरून. बाहेर.

"हा डबा कसला?"

डब्याचं काय घेऊन बसलात, असं नामदेवरावांचं म्हणणं पडलं. डबे काय, रोज येतात-जातात. त्यांना स्वतःला जास्त काळजी होती ती कालच्या शेवटच्या नोंदीची. बुधवार, संध्याकाळी सव्वासहा, अनोळखी वृद्ध गृहस्थ, मोठी बॅग, दुसऱ्या मजल्याकडे, आत. ते गृहस्थ अजून बाहेर पडलेले नव्हते. नामदेवराव रात्री दहापर्यंत खिडकीत बसले होते.

बाई जिना चढता चढता डब्याचाच विचार करत होत्या. रिकामा डबा कोणी दोन्ही हातांत धरून नेत नाही. वरणाचा नेतात, ताकाचा नेतात. राणी त्या वेळी कुठे काय पोचवायला निघाली होती?

त्या नादात दुसरा मजला मागे पडला, आणि तिसऱ्या मजल्यावर शिल्पाचं दार अर्धवट उघडं दिसलं. आतून निळा उजेड पसरला होता. बाईंनी सहज आत बघितलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

शिल्पाच्या टेबलावर, काचेच्या एका चौकोनी पेटीत, चिंतामणी रंगाचा मासा पिसारा फुलवून फिरत होता.

३. दारातला उजेड

शिल्पा आणि प्रमोद पुण्याचे. दोघं कॉम्प्युटरवाले, घरूनच काम करायचे. त्यांच्याकडे तीन टाक्या होत्या. त्यांत खरं पाणगवत, खऱ्या गोगलगायी आणि एक खोटा किल्ला. नवाबाला बघितल्या दिवसापासून शिल्पा त्याच्यावर लट्टू होती. एकदा केशवरावांना विकत द्याल का म्हणून विचारलंही होतं. केशवरावांनी तिला, मग माझा फ्लॅटही घेऊन टाक, असं उत्तर दिलं होतं.

बाई खुर्चीवर बसल्या. हा कधी आणला, असं त्यांनी हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं.

शिल्पा खुशीत आली. तीन आठवडे झाले म्हणे. "काकू, सेम नवाब आहे ना? मी दुकानदाराला नवाबचा फोटोच दाखवला, म्हटलं एक्झॅक्ट असाच हवा."

तीन आठवडे. बारा डिसेंबरही तीनच आठवड्यांपूर्वीचा. डबा गेला त्याच सुमाराला शिल्पाकडे निळा मासा आला. बाईंना काय वाटलं ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. त्यांना दुकान आठवलं. पंचाहत्तर सालची गोष्ट असेल, एक बाई ट्यूबलाइटखाली बघून अंजिरी ब्लाउजपीस घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी भांडत आली, की माझा पीस बदलला म्हणून. त्या दिवसापासून पद्मावतीबाईंचा नियम झाला. रंग आत बघायचा नाही, दारात न्यायचा.

"शिल्पा, हा दिवा बंद कर, आणि ती पेटी उचलून बाल्कनीत आण."

शिल्पाला गंमत वाटली. दोघींनी मिळून पेटी बाल्कनीत नेली. जानेवारीचं स्वच्छ ऊन होतं. उन्हात येताच माशाचा निळा रंग उतरला आणि उरला तो साधा हिरवट रामा रंग. बाराही महिने दुकानात असायचा तो. त्याला चिंतामणी म्हणणाऱ्याला बाईंनी गल्ल्यावर बसू दिलं नसतं.

म्हणजे हा नवाब नव्हता. बाईंना हायसं वाटलं, शिल्पाचा चेहरा मात्र पडला.

"दुकानवाल्याने फसवलं मला," ती म्हणाली.

"दिव्याने फसवलं," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडे नवाबाचा तो फोटो आहे ना, तो ठेव जपून. आणि दुकान कोणतं ते सांग."

४. पाशाभाई

शुक्रवारी सकाळी बाई रिक्षाने त्या दुकानात गेल्या. गौरीनेही नवाब तिथूनच आणला होता. दुकान एवढंसं, रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली. भिंतीवर काचेच्या बरण्या, प्रत्येक बरणीत एक एक फायटर आणि दोन बरण्यांमध्ये एक एक पुठ्ठा. ते पुठ्ठे कशासाठी, असं बाईंनी आधी विचारलं.

"एक-दूसरे को देखे तो दिन भर लड़ते रहते अम्मा," दुकानदार पाशाभाई म्हणाला. "आईना दिखाओ तो आईने से लड़ते. थक के मर जाते, समझते नइ."

त्याने बाईंना ओळखलं होतं. त्याच्या अम्मीच्या सगळ्या ओढण्यांना लेस बाईंच्या दुकानातून गेली होती. स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, आणि मग राणीचं नाव निघताच हसला. ती आली होती की. बारा तारखेला. स्टीलच्या डब्यात मासा घेऊन, रडत. निळा होता तो पांढरा होत चाललाय, महारोग झाला का विचारत होती. त्याने तो पिशवीत नीट घालून दिला, कारण डब्यात मासा नेणं त्याला बघवेना. सोबत बदामाची चार वाळकी पानं दिली. ती पाण्यात टाकली की या माशांना बरं वाटतं.

म्हणजे डबा बाहेर गेला त्यात नवाब होता आणि पिशवी आत आली त्यातही नवाबच होता. नामदेवरावांच्या वहीत ते दोन माणसांसारखे वेगवेगळे लिहिले गेले होते.

"पण रंग?"

"मार्बल जात का माल है अम्मा. उसका रंग ऐसाच बदलते रहता. आज नीला, दो महीने में सफेद, फिर लाल बी आता. बीमारी नहीं, ख़ून मेंच है. मैं साहब की बेटी को बोल के बेचा था."

बाईंनी पिशवीतून भिंग काढलं. दुकानात ते धागे मोजायला असायचं. गिऱ्हाईक कापड परत आणून हे आम्ही नेलेलं नाहीच म्हणायला लागलं की बाई रंगाकडे बघत नसत. त्या विणीतली गाठ शोधत. ताग्यात जी गाठ तीच तुकड्यात असली की भांडण मिटलं.

"पाशा, तू गौरीला विकलास त्या माशात काही खोट होती का?"

पाशाभाईने जीभ चावली. हौ, होती. डाव्या गालाच्या झाकणाला जन्मापासूनची खाच, नखाच्या टोकाएवढी. म्हणून तर अर्ध्या किमतीत दिला.

परतताना बाईंना रिक्षात गाणं म्हणावंसं वाटत होतं. पण दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचा उत्साह ओसरला. रंगाचं उत्तर मिळालं होतं. रंग बदलला म्हणून शेपटीच्या चिंध्या होत नाहीत. आणि दोन वर्षं ज्याच्या बोटाबरोबर तो नाचत होता त्याच्यापासून लपायचं कारण काय? खाच सापडली तरी केशवराव म्हणणार, मग राणीने त्याचे हाल केले, म्हणून तो असा झाला.

आणि दीड महिना त्या घरात राणीखेरीज दुसरं कोणी येत नव्हतं.

५. पानदान

शनिवारी केशवराव बँकेत गेले तेव्हा बाईंनी त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली. खाच त्यांना लगेच दिसली, डाव्या गालाला, पाशाभाईने सांगितली तशी. मग त्या खुर्ची ओढून बरणीसमोर बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. लग्नाच्या साड्यांची खरेदी असली की अशाच बसायच्या, तास तास, बायकांचं ठरेपर्यंत.

बराच वेळ काही झालं नाही. मग नवाब खापरामागून निघाला, पानदानाच्या बाजूला गेला, आणि एकदम गाल फुगवून काचेवर धडकला. एकदा, दोनदा, पाचदा. मग दमून तळाला बसला, आणि वळून स्वतःच्याच शेपटीला चावा घेतला.

त्या बाजूला कोणी नव्हतं. पानदानाखेरीज काहीच नव्हतं.

बाई पानदानाकडे बघायला वळल्या आणि त्यात त्यांना आपला चेहरा दिसला. चष्म्यासकट, गुरुवारी पिन बसवताना दिसला होता तसाच.

तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे पानदान सावित्रीबाई दर शुक्रवारी चिंचेने घासायची. मग हाक मारायची, पद्मा, ये, कुंकू बघून जा. दोघी मैत्रिणी त्यात बघून हसायच्या, कारण त्यात नाक मोठं दिसायचं. ती गेल्यावर केशवरावांनी त्याला कोणाला हात लावू दिला नाही. तीन वर्षांत ते तव्यासारखं काळं पडलं होतं. नवाब त्याच्या शेजारी दोन वर्षं सुखाने राहिला. आणि आता ते चकचकीत होतं.

बाईंनी अंगावरची शाल काढून पानदानावर टाकली. नवाब तळाशी पडून होता. काही वेळाने वर आला, इकडेतिकडे बघितलं आणि शांतपणे बदामाच्या पानाखाली जाऊन राहिला.

संध्याकाळी राणीला बोलावून त्यांनी एवढंच विचारलं, की पानदान कधी घासलंस. साहेब गेले त्या आठवड्यात, राणी म्हणाली. घर मोकळं मिळालं म्हणून सगळंच घासलं. साहेब आले की खूश होतील म्हणून. त्यांनी तर बघितलंच नाही.

"आणि शब्द दिलास तो गौरीला, होय ना?"

राणीने मान खाली घातली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाबांच्या छातीत दुखतंय, त्यांना कुठलीच वाईट बातमी सांगू नकोस, असं गौरीने पहिल्याच दिवशी फोनवर बजावलं होतं. वचन घेतलं होतं. मग नवाब पांढरा पडला. ही बातमी वाईट की चांगली, ते राणीला ठरवता येईना. म्हणून ती मस्त आहे म्हणत राहिली.

बाईंनी तिथेच गौरीला फोन लावला. गौरी बराच वेळ हळहळली. बाबांचं दुखणं शेवटी पित्ताचं निघालं होतं, ते राणीला कळवायचं राहूनच गेलं. मग बाईंनी तिला आणखी एक गोष्ट विचारली. ती बाबांच्या मिशांबद्दल होती.

६. मिशी

रविवारी अकराला केशवरावांच्या दिवाणखान्यात सगळे जमले. नामदेवराव वही घेऊन, शिल्पा फोन घेऊन. केशवराव बरणीच्या बाजूला ताठ बसले होते. राणी दाराच्या आत, भिंतीला टेकून. पानदानावर बाईंची शाल तशीच होती, ती कशाला म्हणून केशवरावांनी दोनदा विचारलं होतं आणि बाईंनी दोनदा सांगितलं होतं, थंडी आहे.

बाईंनी शिल्पाला सप्टेंबरातला फोटो मोठा करायला सांगितला. निळ्या नवाबाच्या डाव्या गालाला खाच. मग केशवरावांच्या हातात भिंग दिलं. पांढऱ्या माशाच्या डाव्या गालाला खाच. केशवरावांनी बघितलं, पुसून पुन्हा बघितलं.

पाशाभाईने सांगितलेलं मार्बल जातीचं गुपित बाईंनी सांगितलं. मग शाल उचलली, क्षणभरच. नवाब खवळून पानदानावर धावून गेला. बाईंनी शाल पुन्हा टाकली. शेपटीचं उत्तर सगळ्यांना दिसलं. गौरीचा फोनही त्यांनी स्पीकरवर लावून ऐकवला.

"सगळ्या बदलांना एकच कारण असणार असं धरलं, की आपण गुन्हेगार शोधतो," बाई म्हणाल्या. "इथे तीन कारणं होती. रंग त्याच्या रक्तातला, शेपूट पानदानामुळे."

नामदेवरावांनी वही मिटली नव्हती. "आणि तिसरं? साहेबांना तो ओळखत का नाही?"

"नामदेवराव, बुधवार संध्याकाळची नोंद वाचा."

नामदेवरावांनी चष्मा लावला. अनोळखी वृद्ध गृहस्थ, मोठी बॅग, दुसऱ्या मजल्याकडे, आत. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. त्यांनी मान वर करून केशवरावांकडे बघितलं, मग वहीकडे, मग पुन्हा केशवरावांकडे.

शिल्पाला हसू आवरेना म्हणून ती खिडकीकडे वळली.

"मी तरी कुठे ओळखलं होतं," पद्मावतीबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या भावाला या बसा म्हणणार होते."

केशवरावांचा हात आपोआप ओठांवर गेला. पुण्यात कलपाने चेहऱ्यावर पुरळ उठलं होतं, डॉक्टरांनी कलप बंद केला, आणि अर्ध्या पांढऱ्या मिशा बऱ्या दिसेनात म्हणून गौरीने त्या काढायला लावल्या. चष्माही तिनेच पसंत केला होता. गेले चार दिवस कोणीच काही म्हटलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं होतं, फारसा फरक दिसत नसावा.

पुढचं सगळं राणीने केलं. आतून त्यांची काळी माकडटोपी आणली आणि पांढरे केस झाकले. कपाटातून जुना चष्मा काढून दिला. मग कोणाला न विचारता शिल्पाच्या पर्समधली काजळाची कांडी घेतली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

"हलू नका," ती म्हणाली. सकाळपासूनचे तिचे हे पहिलेच शब्द.

रेल्वेचे निवृत्त केशवराव श्वास रोखून बसले आणि राणीने त्यांच्या ओठांवर मिशी काढली. डावी बाजू थोडी लांब झाली.

केशवराव बरणीपुढे वाकले. बोट काचेवर टेकवलं आणि फिरवलं. आजवर हे राणीने कधी बघितलं नव्हतं. सातच्या बातम्यांच्या वेळी ती कधीच घरी गेलेली असायची.

बदामाचं पान हललं. नवाब त्याच्याखालून निघाला, काचेजवळ आला, थांबला. फाटक्या शेपटीने त्याने एक गिरकी घेतली. मग दुसरी. मग बोटासमोर थांबून राहिला, गाल न फुगवता.

केशवराव उभे राहिले. माकडटोपी आणि काजळाची मिशी तशीच होती, तरी कोणी हसलं नाही.

"राणी," ते म्हणाले, "माझं चुकलं. सगळ्यांसमोर म्हटलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो."

राणीने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, उद्यापासून येईन, पण बातम्यांपर्यंत थांबणार, तो नाच मला पण बघायचाय. नामदेवरावांनी वहीत मीटिंगपुढे काहीतरी खोडलं आणि बुधवारच्या नोंदीतलं 'अनोळखी' काढून 'ओळखीचे' लिहिलं.

सगळे चहाला वळले. केशवरावांनी शाल घडी करून बाईंना दिली आणि पानदान दोन्ही हातांनी उचललं, ते दुसरीकडे ठेवायला. चकचकीत पितळात त्यांना टोपी घातलेला, एका बाजूला लांब मिशीचा एक म्हातारा दिसला. क्षणभर केशवरावांनी छाती पुढे काढली आणि गाल फुगवले. मग ते कोण आहे ते त्यांच्या लक्षात आलं.

ते बघून राणी घाबरली. "साहेब, पुन्हा काळं पडू देऊ का त्याला?"

"नको," केशवराव म्हणाले. त्यांनी पानदान सावित्रीबाईंच्या फोटोखाली ठेवलं, नवाबाच्या नजरेआड. "दर शुक्रवारी घासत जा. चिंचेने." मग पद्मावतीबाईंकडे न बघता म्हणाले, "पद्माबाई, या, नाक मोठं दिसतंय का बघा."